वाडीवर बसून शिकायचं पोषण : बेळगाव सीमाभागात आरोग्य अधिकाऱ्यांचं प्रशिक्षण कसं घ्यावं

कुपोषण म्हणजे काय हे तालुका आरोग्य अधिकाऱ्याला सांगायला जाऊ नका. ते त्यांनी परीक्षेत लिहिलेलं असतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीतले (२०१९-२१) कर्नाटकाचे आकडेही त्यांच्या सादरीकरणात असतात. पाच वर्षांखालची ३५.४ टक्के मुलं खुजी, १९.५ टक्के उंचीच्या मानानं रोडावलेली, आणि सहा महिने ते पाच वर्षं या वयातली ६५.५ टक्के रक्तक्षयाची. पण जांबोटीच्या पलीकडच्या एखाद्या वाडीवर नऊ महिन्यांच्या पोराला दुपारी कोण भरवतं, रोपलावणीत ते कोणाजवळ असतं, घरचं दूध डेअरीला घालायचं की ठेवायचं हे कोण ठरवतं, अंडी आणायला पैसे कोणाच्या हातात असतात, हे त्यांना माहीत नसतं. जिल्हा कार्यालयातल्या कुठल्याच फायलीत ते सापडत नाही. म्हणून अशा प्रशिक्षणाचा निम्मा वेळ गावात गेला पाहिजे, एवढंच माझं म्हणणं आहे. ते कसं जमवायचं याचा तपशील पुढे देतो.

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात प्रशिक्षण घेणाऱ्या डॉक्टरांना, संस्थांना आणि जागरूक ग्रामपंचायत मेंबरांना हे उपयोगी पडावं.

माणसं आणि तारीख

आरोग्य खातं बाळाचं आजारपण बघतं, महिला व बालविकास खातं त्याचा आहार बघतं. दोघांची प्रशिक्षणं वेगळी, वह्या वेगळ्या, आणि पुष्कळदा एकाच पोराचं वजनही दोन वह्यांत वेगळं. त्यामुळे दोन्ही खात्यांना एकत्र बसवायचं नसेल तर प्रशिक्षण घेऊच नका. जिल्हाभरातून माणसं गोळा करण्यापेक्षा एकाच तालुक्यातली दोन-तीन प्राथमिक आरोग्य केंद्रं निवडा आणि तिथले सगळे बोलवा : वैद्यकीय अधिकारी, सीडीपीओ (बालविकास प्रकल्प अधिकारी), अंगणवाडी सुपरवायझर, उपकेंद्रातले समुदाय आरोग्य अधिकारी, सिस्टर. वीस-पंचवीसच्या वर जाऊ नका. पंचायतीचे पीडीओ (पंचायत विकास अधिकारी) यायला कुरकुरतात, तरी त्यांना आणाच. गाव आरोग्य, स्वच्छता आणि पोषण समितीला राष्ट्रीय आरोग्य अभियानातून वर्षाला १०,००० रुपयांपर्यंत मुक्त निधी मिळू शकतो. तो झाडू-फिनेलवर संपवायचा की बाळांच्या कामाला लावायचा, हे समितीच्या बैठकीत ठरतं, आणि त्या बैठकीत पंचायतीचा माणूस असतोच.

अधिकारी आणि आशाताई यांना एकाच खोलीत ओळीने बसवलं की आशा गप्प होते. साहेबांसमोर कोण बोलणार? म्हणून पहिल्या दिवशी सकाळी फक्त अधिकारी बसवा. गावात गेल्यावर मात्र उलट करा. तिथे शिकवणारी आशा आणि अंगणवाडी टीचर, शिकणारे अधिकारी. त्या दोघींना प्रशिक्षक म्हणून मानधन द्या, आणि ते खर्चाच्या पहिल्या ओळीत लिहा, म्हणजे कापलं जाणार नाही.

एकूण चार दिवस पुरतात, पण ते सलग घेऊ नका. पहिले दोन जानेवारी-फेब्रुवारीत घ्या. तेव्हा सुगी झालेली असते, रस्ते कोरडे असतात, बायकांना थोडी उसंत असते. मात्र तेव्हा घरात भात भरलेला असतो आणि गाव सगळ्यात बऱ्या अवस्थेत दिसतं. तेवढंच पाहून परतलेल्या अधिकाऱ्याला वाटतं, इथं खायला कमी नाही. म्हणून उरलेले दोन दिवस त्याच गावांत भर पावसात, जुलैमध्ये घ्यायचे. सप्टेंबर टाळा. तो राष्ट्रीय पोषण माह असतो, दोन्ही खाती कार्यक्रमांत आणि त्यांच्या फोटोंत अडकलेली असतात, शिवाय गणपतीही बहुधा त्याच सुमारास.

भाषेची सोय

रायचूर किंवा तुमकूरहून बदली होऊन आलेल्या डॉक्टरांना मराठी येत नाही, आणि खानापूरच्या पश्चिमेच्या वाड्यांवर म्हाताऱ्या बायकांना कन्नड येत नाही. यात दोष कोणाचाच नाही. त्यावर वाद घालण्यात दिवस घालवण्यापेक्षा सोय करावी.

नोंदी कन्नडमध्येच राहतील, तिथे ओढाताण नको. गावातलं काम मात्र तिथल्या बोलीत व्हायला हवं. पहिल्या संध्याकाळी प्रत्येक अधिकाऱ्याला बोलीतली चाळीसेक वाक्यं देवनागरीत आणि कन्नड लिपीतही लिहून द्या : ‘काल रात्री बाळ काय जेवलं?’, ‘घरात शेळी आहे का?’, ‘वाटी दाखवता का?’. मोडकं बोललेलं चालतं. बायका हसतात, आणि तिथून पुढे बोलणं सोपं जातं. जिथे आशा दुभाषी होणार असेल तिथे तिला आधी सांगून ठेवा, की आजी जे म्हणाली तेच सांगायचं, साहेबांना बरं वाटेल ते नाही. तायी कार्ड, म्हणजे आई-बाळाच्या नोंदींचं सरकारी कार्ड, कन्नडमध्ये असलं तरी वाढीच्या आलेखातले रंगीत पट्टे वाचायला लिपी लागत नाही. बाळाचा ठिपका गेल्या महिन्यापेक्षा वर गेला, आडवा राहिला की खाली आला, एवढं आईला बोटाने दाखवता आलं पाहिजे. प्रत्येक अधिकाऱ्याने ते एका खऱ्या आईला समजावून दाखवल्याशिवाय पुढे सरकू नका.

गावाचं वर्ष जमिनीवर मांडा

अंगणवाडीच्या ओट्यावर रांगोळीने बारा घरं आखा. आषाढ-श्रावण असेच महिने घ्या, गावात तेच चालतात. मग गावच्या बायकांना खडे, शेंगा, भाताचे दाणे देऊन विचारा : कुठल्या महिन्यात काम जास्त, घरात धान्य कधी कमी, जुलाब कधी, हातात पैसा कधी येतो. अधिकाऱ्यांनी मागे बसून फक्त लिहायचं.

खानापूरच्या भातपट्ट्यात बहुतेक ठिकाणी हे चित्र एकाच टोकाला येतं. रोपलावणीचे दिवस, आई सकाळपासून चिखलात, बाळ आजीजवळ किंवा आठ-नऊ वर्षांच्या बहिणीजवळ, विहिरी-झऱ्यांचं पाणी गढूळ, जुलाब सुरू, आणि कणगीतला भात तळाला गेलेला. सगळे खडे एकाच घरात पडतात. अंगणवाडी टीचरला हे नवं नसतं. अधिकाऱ्याला मात्र दिसतं की जूनमधला आहार-सल्ला आईला देऊन उपयोग नाही, तो आजीला आणि त्या बहिणीला द्यायला हवा.

निपाणीत चित्र निराळं. तिथे विडी वळणारी बाई घरातच असते, पण मजुरी हजार विड्यांच्या हिशोबावर मिळते, म्हणून तिचे हात रिकामे नसतात. बाळ मांडीशेजारी तंबाखूच्या सुपाजवळ रांगतं. तिथे पहिला सल्ला आहाराचा नसतोच : सूप उंचावर ठेवा, हात साबणाने धुतल्याशिवाय भरवू नका, पाजू नका. अथणी, रायबाग, कागवाडकडे ऊसतोडीचा हंगाम सगळं वेळापत्रक ठरवतो. कणकुंबीच्या बाजूच्या गवळी-धनगर वस्त्यांवर म्हशी असतात, दूध असतं, आणि तरी पोराच्या वाटीत किती पडतं हे विचारावं लागतं. एकाच जिल्ह्यात इतके फरक असताना सगळ्यांना एकच छापील आहारतक्ता वाटणं मला पटत नाही.

मोजायला स्वतः शिका

या पायरीला अधिकारी नाक मुरडतात. वजन-उंची हे टीचरचं काम, असं त्यांना वाटतं. पण ज्याने कधी रडणाऱ्या पोराला लांबीच्या फळीवर सरळ धरलेलं नाही, तो त्या कामातल्या चुकांवर रागावतो, आणि रागावलं की खोट्या नोंदी वाढतात. सकाळभर सगळ्यांच्या हातात साधनं द्या.

वजनकाटा आधी शून्यावर आणा, मग वजन माहीत असलेली वस्तू ठेवून तपासा. बाळाचे जाड कपडे, पैंजण, कमरेचा जड करगोटा उतरवा. आई करगोटा काढू देत नसेल तर तसं लिहून ठेवा, हट्ट धरू नका. दोन वर्षांखालच्या बाळाची लांबी झोपवून आणि त्यापुढे उंची उभी करून घ्यायची. उलट घ्यावी लागली तर ०.७ सेंटीमीटरचा फरक धरावा लागतो : दोन वर्षांखालच्या मुलाला उभं करून मोजलं तर तेवढे मिळवायचे, मोठ्याला झोपवून मोजलं तर वजा करायचे. डोकं फळीला टेकलेलं, गुडघे दाबलेले, टाचा काटकोनात. हे एकट्याने होत नाही, दोघं लागतात. एकट्या टीचरची लांबीची नोंद म्हणून आधी शंकेनेच बघावी.

दंडघेराची पट्टी डाव्या दंडावर, खांदा आणि कोपर यांच्या बरोबर मध्ये. पट्टी कातडीला टेकावी, रुतू नये. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलात ११.५ सेंटीमीटरपेक्षा कमी म्हणजे तीव्र कुपोषण, ११.५ ते १२.५ च्या आत मध्यम. यानंतर दोन्ही पावलांच्या वरच्या बाजूला अंगठ्याने तीन सेकंद दाबून बघायचं. दोन्हीकडे खळगा राहिला तर ती सूज आहे, आणि मग पट्टी काहीही म्हणो, मूल तीव्र कुपोषितच. सुजेमुळे असं पोर गुटगुटीत दिसतं. ‘बघा की, कसं गोंडस आहे’ असं शेजारीण सांगते, आणि नेमकं तेच निसटतं.

मग स्पर्धा लावा. आठ-दहा मुलं, प्रत्येक अधिकाऱ्याने प्रत्येकाला दोनदा मोजायचं, पहिला आकडा झाकून. दोन्ही मोजमापांतला फरक फळ्यावर सर्वांसमोर लिहा. टीचरलाही त्यात घ्या. ती बहुतेकांना हरवते, आणि साहेबांचा तिच्याशी बोलायचा सूर त्यानंतर बदलतो. मुलं आधी खाऊन आलेली असू द्या, आयांना विचारूनच मोजा, आणि निकाल त्यांना जाग्यावर सांगा. मोजून गप्प निघून जाणाऱ्यांना गाव दुसऱ्यांदा पोर देत नाही.

घरात शिरल्यावर

दोघांनी जायचं. एकाने बोलायचं, दुसऱ्याने गप्प राहून बघायचं. बोलणारी शक्यतो सिस्टर असू द्या, बघणारे डॉक्टर. गणवेश, जीप, मागे पाच माणसं असा लवाजमा दारात उभा राहिला की उत्तरं पाठ केलेली येतात. जीप गावाबाहेर ठेवा.

पहिल्या भेटीत सल्ला द्यायचा नाही. ही अट अधिकाऱ्यांना सगळ्यात जड जाते. फक्त कालच्या दिवसाचा हिशोब विचारायचा. नमुना म्हणून बोलणं साधारण असं होतं :

‘आजी, काल सकाळी उठल्यापासून बाळानं काय काय खाल्लं, सांगा की जरा.’

‘खाल्लं की सगळं. आमच्यातलंच खातंय ते.’

‘पहिल्यांदा काय दिलंत?’

‘चहात बिस्किट बुडवून.’

‘मग?’

‘मग भात कालवला. आमटीचं वरचं पाणी घातलं.’

‘आणि खालची डाळ?’

‘ती ह्याच्या बापाला. कामाला जातोय की तो. आणि ह्याला पचतीय कुठं?’

इथे शिकाऊ अधिकारी डाळीतल्या प्रथिनांवर बोलायला तोंड उघडतो. जोडीदाराने त्याला थांबवावं. अजून वाटी बघायची आहे, किती वेळा भरवलं ते विचारायचं आहे, उरलेलं कोणी खाल्लं तेही. आईचं दूध अजून चालू आहे का, रात्री किती वेळा, हे आईला विचारा, आजीसमोर नको.

बाहेर आल्यावर ओट्यावर बसून हिशोब मांडा. सहा ते आठ महिन्यांच्या बाळाला आईच्या दुधाशिवाय वरच्या अन्नातून रोज साधारण २०० कॅलरी लागतात, नऊ ते अकरा महिन्यांत ३००, आणि वर्षानंतर दोन वर्षांपर्यंत ५५०. पातळ पेजेने हे भरत नाही. बाळाचं पोट लहान, पाण्यानेच भरतं. चमचा तिरका केल्यावर अन्न ओघळून न जाता चमच्यातून हळूच घसरलं पाहिजे, हे प्रत्येक अधिकाऱ्याने चुलीपाशी स्वतः करून बघावं. सहा-आठ महिन्यांत दोन ते तीनदा, नंतर तीन-चारदा, आणि मधे काहीतरी हातात.

दुसरा हिशोब गटांचा. आठांपैकी निदान पाच गट दिवसाभरात पोटात जावेत : आईचं दूध, धान्य-कंद, डाळी-दाणे, दूधदुभतं, मांस-मासे, अंडी, गर्द हिरव्या-पिवळ्या भाज्या-फळं, इतर भाज्या-फळं. वरच्या बाळाचे आईचं दूध धरून दोनच गट भरले. आमटीच्या पाण्याला कोणी डाळ म्हणत असेल तर त्याला पुन्हा आत पाठवा. आता घरातच काय आहे ते बघायचं. येळ्ळूर-शहापूरकडे भातानंतर मसूर होतो, तो खालचा मसूर घोटून घातला की तीन. परसातला शेवग्याचा पाला त्यातच शिजवला की चार. अंडं किंवा वाटीभर दूध मिळालं तर पाच. शेंगदाणे द्यायचे तर कूट करूनच, अख्खा दाणा घशात अडकतो. नाचणीची आंबील, हुलग्याचं माडगं ही आपली जुनी चांगली अन्नं आहेत, पण बाळासाठी दाट करायला हवीत, आणि चहा बंद. चहा लोह शोषू देत नाही आणि भूक मारतो.

अंड्याचा विषय जपून. कागवाड, अथणी, चिकोडीकडे जैन आणि लिंगायत घरं बरीच आहेत. तिथे अंड्याचं पोस्टर दाखवणं म्हणजे दार लावून घेणं. अशा घरी दूध-दही, डाळ आणि पालेभाजी यांवरच गणित जमवायचं. कर्नाटकाच्या शाळांतही अंडं न खाणाऱ्यांना केळं देतात.

दुसऱ्या भेटीत एकच गोष्ट सुचवायची, तीही विचारून : ‘आजी, उद्या खालचा मसूर एक चमचा घोटून घालून बघाल का? पचतंय का बघूया.’ आठवड्याने आशा विचारून येते. एकदा पचला की आजीच इतरांना सांगत सुटते.

बाळंतिणीचं घर मात्र वेगळं बघावं लागतं. सव्वा महिना ती उंबरा ओलांडत नाही. कर्नाटकाच्या मातृपूर्ण योजनेत (२ ऑक्टोबर २०१७ पासून) गरोदर आणि स्तनदा बायकांसाठी अंगणवाडीत दुपारचं गरम जेवण आहे, पण जी घराबाहेरच येत नाही तिला ते कसं मिळणार? शिवाय मऊ भात सोडून बाकी सगळं वर्ज्य, पाणीही मोजून, असं अजून पुष्कळ घरांत चालतं. डबा घरी पोचवायची व्यवस्था त्या वाडीपुरती कशी बसते, ही चर्चा पीडीओ आणि सीडीपीओ यांच्यासमोर, त्याच ओट्यावर करायची.

उत्तर त्याच गल्लीत असतं

१९९० च्या अखेरीस जेरी आणि मोनिक स्टर्निन हे दांपत्य सेव्ह द चिल्ड्रन संस्थेतर्फे व्हिएतनामला गेलं. थान्ह होआ प्रांतातल्या खेड्यांत त्यांनी गावकऱ्यांनाच शोधायला लावलं, की सगळ्यात गरीब घरांपैकी कोणाची मुलं धडधाकट आहेत, आणि ती घरं वेगळं काय करतात. त्या आया भाताच्या खाचरातली लहान कोळंबी, खेकडे आणि रताळ्याचा पाला पोरांच्या भातात घालत होत्या. इतर घरांना हेच अन्न फुकट मिळत होतं, पण पोरांना ते द्यायचं नसतं असा समज होता.

बेळगावच्या पश्चिमेला हे वाचून कोणीही थबकावं. खाचरं आपली, खेकडे आपले, आणि रताळ्यांनी तर बेळगावची एपीएमसी भरून जाते. पाला मात्र जनावरांपुढे जातो. पांढऱ्या गराचं रताळं कंदाच्या गटात मोडतं, त्याचा पाला हिरव्या भाजीच्या, म्हणजे एका वेलात दोन गट. व्हिएतनामचं उत्तर उचलून इथे लावा असं मी म्हणत नाही. प्रश्न उचला. गावात बायकांकडूनच गरीब घरांची यादी करून घ्या, त्यांतल्या ज्या मुलांचा आलेख चढता आहे ती घरं निवडा, आणि अधिकाऱ्यांना तिथे बघायला पाठवा. कधी सापडतं की आजोबा भरवतात. कधी, बाळाला वेगळी वाटी आहे एवढंच.

सापडलेली गोष्ट मग बायकांनी एकत्र रांधून बघायची. अशा पाकसत्रांचा रिवाज सलग दहा-बारा दिवसांचा आहे. प्रत्येकीने घरून मूठभर काहीतरी आणायचं, तिथेच शिजवायचं, तिथेच भरवायचं. साहित्य खात्याने पुरवलं की सत्र संपल्यावर सगळंच संपतं. पाला फवारणीच्या शेतातला नको, नीट धुऊन शिजवलेलाच हवा. आणि त्या ‘चांगल्या’ घराचा सत्कार करू नका. शाल-नारळ दिला की शेजारणी फिरकत नाहीत.

तीव्र कुपोषित मूल या सत्रांवर सोडायचं नाही. भूक मेलेली, ताप, जुलाब, सूज, यांपैकी काहीही असेल तर जिल्हा रुग्णालयातलं पोषण पुनर्वसन केंद्र. आई ‘घरी बाकीची पोरं कोण बघणार’ म्हणते, ते खरंच असतं. त्यांची सोय लावणं हे गावच्या आरोग्य-पोषण समितीचं काम. केंद्रात राहिल्याबद्दल बुडालेल्या मजुरीची भरपाई असते, ते आधीच सांगा.

बैठक कोणाच्या अंगणात

झारखंड-ओडिशात एकजुट या संस्थेने २००५ ते २००८ दरम्यान बायकांच्या गटांच्या मासिक बैठका घेतल्या. चित्रं, गोष्टी, खेळ, मग प्रश्न निवडणं आणि उपाय ठरवणं, असं वीस बैठकांचं चक्र होतं. तीन वर्षांत त्या भागात नवजात मृत्यूंचं प्रमाण तुलनेच्या भागापेक्षा ३२ टक्क्यांनी कमी राहिलं. पुढे २०१३ ते २०१५ मध्ये पोषणासाठी बैठका आणि घरभेटी यांचा प्रयोग झाला. त्यात मुलांची लांबी वाढल्याचं दिसलं नाही, पण आहारातलं वैविध्य वाढलं, कमी वजनाची मुलं घटली, अर्भकमृत्यूही कमी झाले. हे अधिकाऱ्यांना स्पष्ट सांगा. वर्षभरात खुजेपणा कमी करून दाखवण्याचं आश्वासन वर देऊ नका, विचारणाऱ्यांना वाटीतले गट दाखवा.

नवा गट उभा करू नका. स्त्रीशक्ती संघ (बायकांचा बचतगट) आहे, भिशी आहे. पुरुषांसाठी भजनी मंडळ आहे. वारकरी परंपरेच्या गावात पोटुशी बाईच्या एकादशीबद्दल माळकरी बुवांनी दोन शब्द सांगितले, तर त्यांचा जो परिणाम होतो तो डॉक्टरांच्या भाषणाने व्हायचा नाही. पोषण अभियानातले समुदाय कार्यक्रमही डोहाळजेवण आणि उष्टावण याच निमित्तांवर बेतलेले आहेत. ते बॅनर लावून अंगणवाडीत उरकण्यापेक्षा ज्या घरी खरंच उष्टावण आहे तिथे जा. मामा पहिला घास भरवतो, सगळे जमलेले असतात, तिथेच दाट-पातळ दाखवा.

सरावासाठी ‘पण का?’ हा खेळ उत्तम. बाळ रोड आहे. पण का? जुलाब होतात. पण का? असं पाच-सहा पायऱ्या जाऊ द्या. आईच्या अज्ञानावर थांबणाऱ्या गटाला पुन्हा सुरू करायला लावा.

गोळ्या

हे अधिकाऱ्यांना येतं, म्हणून उजळणीपुरतं. गरोदरपणात दुसऱ्या तिमाहीपासून ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक आम्लाची गोळी रोज, १८० दिवस, आणि बाळंतपणानंतर पुन्हा १८० दिवस. शौचाला काळं होईल हे आधी सांगितलं नाही तर चौथ्या दिवशी गोळ्या फडताळात जातात. जंतनाशक १० फेब्रुवारी आणि १० ऑगस्टला : एक ते दोन वर्षांत अर्धी गोळी, पुढे ४०० मिलिग्रॅमची पूर्ण. जुलाबात ओआरएससोबत झिंक १४ दिवस, सहा महिन्यांपुढे रोज २० मिलिग्रॅम. जुलाब तिसऱ्या दिवशी थांबतात आणि झिंकही थांबतं, तिथे आशाने लक्ष ठेवायचं. लवकर सुरुवात का हवी, यासाठी बेळगाव परिसरातल्याच गावांचा दाखला आहे. चार देशांतल्या ज्या अभ्यासाचे निष्कर्ष २०१९ मध्ये आले, त्यात गर्भधारणेच्या किमान तीन महिने आधी किंवा पहिल्या तिमाहीअखेर पोषक पूरक आहार सुरू केलेल्या बायकांची बाळं, तो न मिळालेल्यांच्या बाळांपेक्षा जन्मतः जास्त लांबीची होती. नव्या लग्नाच्या मुलींची यादी आशाकडे असायला हवी ती यासाठी.

माहेर पलीकडे, टोळी अलीकडे

आपल्या भागातली ही अडचण राज्याच्या कुठल्याच प्रशिक्षण पुस्तकात बसत नाही. पहिलं बाळंतपण माहेरी. माहेर सीमेपलीकडे महाराष्ट्रात, चंदगडला, गडहिंग्लजला किंवा कागलला. सातव्या-आठव्या महिन्यात मुलगी जाते, बाळ तीन-चार महिन्यांचं घेऊन परतते. तेवढ्यात ती इकडच्या वहीत ‘गावी नाही’ आणि तिकडच्या वहीत ‘पाहुणी’. गर्भधारणेपासून बाळ दोन वर्षांचं होईपर्यंतच्या पहिल्या हजार दिवसांतले हे नेमके महागाचे दिवस.

उपाय साधा, पण कोणीतरी करावा लागतो. सीमेच्या दोन्ही बाजूंच्या आशाताई आणि सिस्टर यांची फोन यादी करा, जोडगावांप्रमाणे. प्रशिक्षणाचं एक सत्र पलीकडच्या तालुक्यातल्या आरोग्य कर्मचाऱ्यांसोबत घ्या, रीतसर पत्र पाठवून. मुलगी माहेरी निघाली की तिच्या कार्डाच्या पानांचे फोटो तिच्याच मोबाइलमध्ये काढून द्या, आणि रक्तगट, हिमोग्लोबिन, शेवटच्या पाळीची तारीख मराठीत एका चिठ्ठीवर. इकडून एक फोन, तिकडून परतताना एक.

ऊसतोडीच्या टोळ्यांचं उलट असतं. त्यांची पोरं आपल्या हद्दीत येतात, पण आपल्या वहीत नसतात. कारखाना सुरू झाल्यावर मुकादमाकडून कोप्यांची जागा विचारा आणि दंडघेराची पट्टी घेऊन संध्याकाळी जा. सकाळी तिथे आई-बाप सापडत नाहीत. या भेटीला वैद्यकीय अधिकाऱ्यांनी स्वतः गेलं पाहिजे, कारण ‘ही आपली लाभार्थी नाहीत’ हे वाक्य खाली कोणी म्हणू नये असं वाटत असेल, तर ते वरून मोडावं लागतं.

चार दिवसांनंतर

जामखेडला रजनीकांत आणि मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये सुरू केलेल्या प्रकल्पात, कमी शिकलेल्या किंवा न शिकलेल्या बायका गावाच्या आरोग्यसेविका झाल्या. त्यामागे एकदाच दिलेलं शिबिर नव्हतं. त्या दर आठवड्याला केंद्रावर येत, गावात काय घडलं ते सांगत, नवं शिकत. अधिकाऱ्यांना आठवड्याला बोलावणं जमणार नाही. महिन्याच्या गाव आरोग्य व पोषण दिवसाला एक तास जास्त थांबणं जमतं. त्या तासात त्यांनी एक घर बघायचं, एक मूल स्वतः मोजायचं आणि टीचरच्या नोंदीशी ताडून बघायचं. चूक निघाली तर तिला बाजूला घेऊन सांगायची, बायकांसमोर नाही.

खर्चात सभागृह, फोल्डर आणि बॅनर कमी करा. गावातल्या ज्या आया दिवसभर बसतात त्यांची मजुरी बुडते, ती भरून द्या. मुलांना खाणं द्या, आणि ते टीचरकडूनच बनवून घ्या.

जुलैच्या फेरीला त्याच घरी त्याच जोडीने जायचं. वजनकाट्याला प्लास्टिक, नोंदी पेन्सिलीने, आणि संध्याकाळची एसटी चुकली तर मुक्कामाची तयारी. जाण्याआधी प्रत्येक अधिकाऱ्याने फेब्रुवारीतली आपली वही काढावी आणि परतल्यावर एका पानावर लिहून द्यावं : त्या बाळाचा ठिपका कुठे आहे, वाटीत किती गट आहेत, आता त्याला कोण भरवतं, आणि आपल्या खात्याने मधल्या काळात त्या वाडीसाठी काय बदललं. हे पान सीडीपीओ आणि तालुका आरोग्य अधिकारी या दोघांच्या सहीने पंचायतीत लावायचं, मराठीत आणि कन्नडमध्ये. बाळाचं नाव त्यावर नको.